लहान तर बुधही आहे

आत्याच्या नातवासाठी एका मुलीची पत्रिका आली होती. पूर्वी पत्रिका म्हणजे हळदीकुंकवाची बोटे उमटलेला, घड्यांवर विरत आलेला पिवळसर कागद असे. ही व्हॉट्सअॅपवर आली होती आणि काकांनी ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली होती. शाई अजून ओलसर वाटावी असा तिचा तो गरम कागदाचा वास होता. आत्या तक्त्यावरून बोट फिरवत एकेक ओळ पुटपुटत खाली येत होती : रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू, त्याखाली हर्षल, नेपच्यून आणि सर्वांत शेवटी प्लूटो. प्रत्येकापुढे राशी, अंश, कला. शेवटच्या ओळीवर बोट थांबले. "अगं, ह्या प्लूटोला मध्यंतरी काढून टाकलं होतं ना? मग हा इथे कसा?" प्रश्न मला होता, कारण रात्री गच्चीवर जाऊन आकाशाकडे बघत बसण्याची हौस घरात माझ्याखेरीज कोणाला नाही. मी काही बोलण्याआधीच काका आरामखुर्चीतून म्हणाले, "लहान निघाला म्हणून काढला." आत्याने मान वरदेखील केली नाही. "लहान तर बुधही आहे," ती म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी बोलणे गोत्रावर, पगारावर आणि मुलगी पुण्याला बदली मागून घेईल का यावर गेले.

ते वाक्य मात्र माझ्यापाशीच राहिले. आत्याने दुर्बिणीला कधी डोळा लावलेला नाही, पण तिचा आक्षेप बिनतोड होता. बुधाचा व्यास ४,८८० किलोमीटर आहे. गुरूचा उपग्रह गॅनिमीड आणि शनीचा उपग्रह टायटन हे दोघेही त्याच्याहून मोठे आहेत, आणि तरीही बुधाच्या ग्रहपदावर कोणी बोट ठेवत नाही. प्लूटोचा व्यास २,३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहूनही कमी, हे खरे. परंतु आकारावरच निकाल लावायचा असेल तर रेघ कोठे ओढायची? तीन हजार किलोमीटरवर ओढली काय किंवा दोन हजारांवर ओढली काय, निसर्गात त्या आकड्यापाशी काहीच घडत नाही. काकांचे उत्तर मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्याला आता सर्वमान्य सत्याचा दर्जा मिळाला आहे, आणि त्यामुळे प्लूटोच्या बाबतीत खरोखर जे ठरले, जे माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विचारपूर्वक ठरलेले होते, ते बाजूला पडले आहे.

प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळण्याचा तो निर्णय प्रागला, खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक अधिवेशनात झाला. तो दिवस मला लक्षात राहिला आहे तो गणपतीमुळे. २४ ऑगस्ट २००६ हा गुरुवार होता आणि रविवारी गणेश चतुर्थी होती. आमच्या इमारतीच्या मंडळाने त्या वर्षी आरास म्हणून सूर्यमाला करायचे ठरवले होते. वाहनतळाच्या जागेत थर्माकोलचा भुगा उडत होता, फेव्हिकॉल आणि पोस्टर कलरचा वास दाटला होता आणि नऊ गोळे रंगवून दोरीवर वाळत घातले होते. शुक्रवारी सकाळी वर्तमानपत्र आले आणि नवव्या गोळ्याचे काय करायचे यावर कॉलेजातल्या मुलांत जुंपली. एकाचे म्हणणे, जगाने काढला तर आपणही काढू. दुसऱ्याचे म्हणणे, वर्गणी नऊ ग्रहांची घेतली आहे. शेवटी तळमजल्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांनी निर्णय प्रागचा असला तरी मंडळ आपले आहे असे सांगून तो गोळा पडद्याच्या कडेला टांगायला लावला. प्रमाणाचा विचार कोणीच केला नव्हता, आणि ते बरेच झाले. प्लूटो एक सेंटिमीटरचा धरला असता तर पृथ्वी सव्वापाच सेंटिमीटरांहून थोडी मोठी आणि गुरू जवळजवळ साठ सेंटिमीटरांचा करावा लागला असता, आणि मग गजाननालाच बसायला जागा उरली नसती. त्या दहा दिवसांत आरास पाहायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने कडेच्या गोळ्याकडे बोट दाखवून "लहान होता ना, म्हणून" हेच म्हटलेले मी ऐकले.

प्रागमध्ये मात्र आकारावर मतदान झालेच नव्हते.

तेथे जे घडले त्याची सुरुवात त्याच्या उलट टोकाने झाली होती. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने ग्रहाची व्याख्या करण्यासाठी सात जणांची समिती नेमली होती. खगोलशास्त्राचे इतिहासकार ओवेन गिंगरिच हे तिचे अध्यक्ष होते आणि डाव्हा सोबेल या लेखिकाही तिच्यात होत्या. १६ ऑगस्टला मांडलेल्या त्यांच्या मसुद्यात अटी दोनच होत्या : पिंड ताऱ्याभोवती फिरणारा असावा आणि स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला असावा. या मसुद्याने प्लूटो तर वाचलाच, शिवाय तीन नव्यांची भर पडली. मंगळ आणि गुरू यांच्यामधला सीरीस आत आला. प्लूटोचा सोबती शॅरनही आला, कारण या दोघांचे सामाईक गुरुत्वमध्य प्लूटोच्या पोटात नसून बाहेर पोकळीत आहे. आणि माइक ब्राउन, चॅड ट्रुहिलो व डेव्हिड रॅबिनोविट्झ यांनी २००५ साली शोधलेला, तोवर नाव न मिळालेला, पुढे एरिस म्हणून ओळखला गेलेला दूरचा पिंडही आला. एकूण बारा. आत्याच्या हातातल्या कागदावरही बाराच ओळी होत्या, हा योगायोग मला त्या दिवशी उगीचच गमतीचा वाटला. दोन्ही याद्या ताडून पाहिल्या तर सामाईक नावे आठच निघतात, कारण पत्रिकेत पृथ्वी नसते आणि प्रागच्या मसुद्यात रवी, चंद्र, राहू, केतू नव्हते.

बारांचा मसुदा टिकला नाही. ज्यांचा अभ्यास पिंडांच्या गतीचा आणि कक्षांचा होता त्या शास्त्रज्ञांनी तो अडवला. उरुग्वेचे हुलिओ फर्नांडेझ आणि गोन्झालो तान्क्रेदी यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यांचे म्हणणे असे की एखादा पिंड गोल आहे की नाही हे त्याच्या एकट्यापुरते झाले. सूर्यमालेच्या रचनेत त्याचे स्थान काय, हे त्याने आपल्या वाटेवर काय केले यावरून ठरवले पाहिजे. त्यातून तिसरी अट आली : त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन अटी पुऱ्या करणारा पण तिसरीत न बसणारा, आणि कोणाचा उपग्रह नसलेला, तो बटुग्रह. शेवटच्या दिवशी सभागृहात पिवळी कार्डे वर करून मतदान झाले. बटुग्रहांनाही 'ग्रह' या एकाच छत्राखाली ठेवावे असा एक पर्यायी ठराव होता. तो समजावून सांगण्यासाठी जॉसलिन बेल बर्नेल यांनी, म्हणजे ज्यांनी तरुणपणी पहिला पल्सार (स्पंदणारा तारा) ओळखला त्यांनी, व्यासपीठावर खरोखरीची छत्री उघडून दाखवली. तो ठराव पडला. संघटनेच्या हजारो सभासदांपैकी त्या दुपारी मताला बसले होते ४२४. प्लूटोला नेपच्यूनपलीकडच्या एका नव्या वर्गाचा नमुना मानण्याचा ठराव २३७ विरुद्ध १५७ असा संमत झाला आणि १७ जण तटस्थ राहिले. निसर्गाविषयीचा प्रश्न हात वर करून सोडवावा, आणि तोही बहुतेक जण परतीच्या वाटेला लागलेले असताना, हे मला आजही रुचत नाही. पण पद्धत रुचली नाही म्हणून ठरावातला विचार चुकीचा ठरत नाही.

तिसऱ्या अटीची सर्वांत जास्त टिंगल झाली. परिसर मोकळा म्हणजे किती मोकळा? पृथ्वीच्या कक्षेच्या आसपास येणारे तीस हजारांहून अधिक लघुग्रह आपल्याला माहीत आहेत. गुरूच्या कक्षेत तर त्याच्या साठ अंश पुढे आणि साठ अंश मागे लघुग्रहांचे दोन थवेच्या थवे फिरतात आणि त्यांची ज्ञात संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे. मग गुरूने तरी काय मोकळे केले? हा प्रश्न चमकदार आहे, पण गुरूच्या थव्यांकडे नीट पाहिले की त्याचे उत्तर त्यांतच सापडते. ते लघुग्रह तेथे आहेत ते गुरूच्या आणि सूर्याच्या ओढीने त्या दोन जागा स्थिर केल्या आहेत म्हणून. ते गुरूच्या दावणीला बांधलेले आहेत. साडेचार अब्ज वर्षांत मोठा पिंड आपल्या वाटेवरच्या लहानग्यांचे चार प्रकारे काहीतरी करतोच : गिळतो, दूर भिरकावतो, उपग्रह म्हणून पकडतो किंवा आपल्या फेऱ्यांच्या हिशेबात बांधून ठेवतो. सत्ता कोणाची हे अशा वेळी संदिग्ध राहत नाही.

आणि ते मोजताही येते. स्टीव्हन सोटर यांनी २००६ मध्येच एक साधे गुणोत्तर सुचवले. त्या पिंडाचे वस्तुमान घ्यायचे आणि त्याच्या कक्षेच्या पट्ट्यात फिरणाऱ्या, त्याच्या ताब्यात नसलेल्या बाकीच्या सर्व पिंडांच्या एकत्रित वस्तुमानाने त्याला भागायचे. पृथ्वीसाठी हा आकडा सुमारे १७ लाख येतो. म्हणजे तिच्या वाटेवरचे सगळे दगडधोंडे एकत्र केले तरी ती त्यांच्या १७ लाख पट जड. नेपच्यूनसाठी सुमारे २४ हजार येतो. आणि बुध, आत्याचा लहान बुध, ९१ हजारांवर आहे. आता दुसरी बाजू पाहावी. सीरीसचा आकडा ०.३३, एरिसचा ०.१० आणि प्लूटोचा ०.०७ च्या थोडा वर. आठही ग्रहांपैकी सर्वांत मागे असलेला ग्रह हजारांत आहे आणि बटुग्रहांपैकी सर्वांत पुढचा एकालाही पोहोचत नाही. मध्ये कोणी नाही. काठावर रेंगाळणारा, कोणत्या बाजूला टाकावा अशी शंका यावी असा एकही पिंड नाही. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ ते पान उलटले नव्हते. रेघ माणसांनी ओढली असेल, पण ती ज्या दरीतून गेली आहे ती दरी माणसांनी खणलेली नाही.

प्लूटोचा संसार पाहिला की हे आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात. तो सूर्याभोवती एक फेरी २४८ वर्षांत करतो आणि त्याची कक्षा इतकी लांबट आहे की १९७९ ते १९९९ या काळात तो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ होता. तरी दोघांची टक्कर होत नाही, कारण नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्या वेळात प्लूटोच्या बरोबर दोन होतात आणि प्लूटो नेपच्यूनची वाट ओलांडतो तेव्हा नेपच्यून नेहमीच लांब कुठेतरी असतो. हा ठेका प्लूटोने धरलेला नाही, तो नेपच्यूनचा आहे. नेपच्यून प्लूटोच्या जवळजवळ आठ हजार पट जड आहे. आणि याच ठेक्यावर चालणारा प्लूटो एकटा नाही. तीनास दोन या हिशेबात बांधलेले पिंड शेकड्यांनी सापडले आहेत. दिंडीत मृदंग एखाद्याच्याच गळ्यात असतो आणि पावले सगळ्यांची पडतात. प्लूटो त्या दिंडीतला सर्वांत उंच, दुरून पहिल्यांदा दिसलेला वारकरी आहे, इतकेच. मृदंगवादकाची आणि वारकऱ्याची नोंद वेगवेगळी ठेवली म्हणून वारकऱ्याचा अपमान होतो असे मला वाटत नाही.

गंमत अशी की ज्या दुसऱ्या अटीबद्दल कोणी तक्रार केली नाही, तीच खरी निसरडी आहे. पिंड पुरेसा मोठा असेल तर त्याचे गुरुत्वाकर्षण त्याच्या द्रव्याच्या कणखरपणावर मात करते, डोंगर खचतात, खड्डे भरतात आणि तो गोलाकार समतोलात येतो, हे तत्त्व म्हणून अगदी स्वच्छ आहे. पण प्रत्यक्षात गोलपणा द्रव्यावर, उष्णतेवर आणि पूर्वायुष्यावर अवलंबून असतो. बर्फ दगडापेक्षा लवकर नमतो. शनीचा मिमास हा जेमतेम ३९६ किलोमीटरांचा उपग्रह छान गोल आहे, आणि त्याच्याहून किंचित मोठा असलेला नेपच्यूनचा प्रोटियस ओबडधोबड आहे. व्हेस्टा हा लघुग्रह एके काळी बराचसा गोल असावा. परंतु त्याच्या दक्षिण ध्रुवावर असा प्रचंड आघात झाला की तेथे जवळजवळ त्याच्या स्वतःच्या व्यासाएवढे रुंद विवर पडले. आता त्याला काय म्हणायचे? हाउमेआ हा मान्यताप्राप्त बटुग्रह चार तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो आणि त्या वेगाने लांबट झाला आहे. तो खरोखर समतोलात आहे का, याचीच शास्त्रज्ञांना शंका आहे. इतकेच काय, फार काटेकोर गणित लावले तर बुधाचा आकारही त्याच्या सध्याच्या मंद परिवलनाला शोभेल असा नाही. तिसऱ्या अटीला संदिग्ध म्हणून हसणाऱ्यांनी दुसरीकडे कधी रोखून पाहिलेले नाही.

मी बटुग्रह डोळ्यांनी पाहिला आहे तो एकच, सीरीस. प्लूटो पाहायला मोठी दुर्बीण लागते. सीरीस द्विनेत्रीतून दिसतो, फक्त तो कोणता हे ओळखता यायला हवे. वांगणीच्या माळावर, हिवाळ्यात, गवतावर दव पडू लागलेले, सतरंजीचा खालचा भाग ओला आणि थर्मासमधला चहा कोमट. जाणत्या मंडळींनी नकाशा दाखवून सांगितले की कर्क राशीजवळच्या ह्या चार ठिपक्यांपैकी हा. त्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. शेजारच्या ताऱ्यांसारखाच एक ठिपका, आणि थोडा निस्तेजच. पुढच्या वेळी गेले तेव्हा तो जागेवर नव्हता, थोडा सरकला होता. पालेर्मोच्या वेधशाळेत जिउसेप्पे पियाझ्झी यांनीही १ जानेवारी १८०१ च्या रात्री हेच पाहिले होते, आणि पुढच्या रात्रींत तो ठिपका सरकला तेव्हा आपल्याला काय गवसले याची त्यांना कल्पना आली. फेब्रुवारीत ते आजारी पडले, तोवर सीरीस सूर्याच्या उजेडात शिरला आणि हरवला. चोवीस वर्षांच्या गाउस या गणितज्ञाने मोजक्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढून दिली आणि वर्षअखेरीस तो सांगितलेल्या जागेजवळ पुन्हा सापडला. सीरीस ग्रह म्हणून गणला गेला. पुढल्या सहा वर्षांत पॅलस, जूनो आणि व्हेस्टा आले, तेही ग्रहच. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकातील विद्यार्थ्यांना अकरा ग्रह शिकावे लागत. १८४५ नंतर एकामागून एक नवे पिंड सापडू लागले तेव्हा मात्र ग्रहांची यादी कोणालाच आवरेना. हळूहळू त्या सर्वांना क्रमांक देऊन वेगळ्या वहीत टाकले गेले. सीरीसला क्रमांक १ मिळाला. त्यासाठी कोणी सभा भरवली नाही, मतदान घेतले नाही आणि माझ्या माहितीत कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही.

प्लूटोच्या वाट्याला मात्र माया आली, आणि तिला कारणे आहेत. फ्लॅगस्टाफची लॉवेल वेधशाळा पर्सिव्हल लॉवेल यांच्या एका कल्पित ग्रहाचा शोध त्यांच्या पश्चात चालवत होती. त्या कामावर कॅन्ससच्या शेतावरून आलेला, घरी दुर्बिणी घडवणारा क्लाइड टॉमबॉ हा तरुण ठेवला गेला. जानेवारी १९३० मध्ये काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन काचपट्ट्या आलटूनपालटून दाखवणाऱ्या यंत्राखाली ठेवून, हजारो ताऱ्यांच्या गर्दीत उडी मारणारा एक कण त्याने १८ फेब्रुवारीला टिपला. ते काम डोळ्यांचे किती हाल करणारे असेल याचा विचार मी अनेकदा करते. नाव सुचवले ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनिशिया बर्नी या मुलीने. लोकांनी प्लूटोला पृथ्वीच्या तोडीचा समजून घरात घेतले. मग तो दशकागणिक रोडावत गेला. १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टी यांना प्लूटोच्या छायाचित्रांत एक फुगवटा दिसला. तो शॅरन होता. सोबत्याच्या फेरीवरून वस्तुमान काढता आले, तेव्हा प्लूटो आपल्या चंद्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही हलका निघाला. हर्षलला (युरेनसला) वाटेवरून ढळवणाऱ्या ज्या ओढीचा माग काढत लॉवेल निघाले होते ती ओढ लावण्याची त्याची ताकदच नव्हती. पुढे व्हॉयेजर २ यानाने नेपच्यूनचे वस्तुमान नेमके मोजून दिले आणि ती ओढ मुळात नव्हतीच हेही कळले. १९९२ मध्ये डेव्हिड जुइट आणि जेन लू यांना हवाईतून नेपच्यूनपलीकडचा आणखी एक लहान पिंड सापडला, त्यामागून रांग लागली. सीरीसची गोष्ट पुन्हा घडत होती. फरक एवढाच की या खेपेला मध्ये बासष्ट वर्षे गेली होती आणि तेवढ्यात दोन पिढ्यांनी नऊ ग्रह तोंडपाठ केले होते.

त्या दोन पिढ्यांतली मीही एक आहे, त्यामुळे न्यू होरायझन्सने १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून जाताना पाठवलेली चित्रे मी कोरड्या मनाने पाहिली असे म्हणता येणार नाही. हे यान प्लूटो ग्रह असताना, जानेवारी २००६ मध्ये, पृथ्वीवरून निघाले होते आणि टॉमबॉ यांची थोडी रक्षा त्याच्यात होती. पोहोचले तेव्हा प्लूटो बटुग्रह झाला होता आणि लघुग्रहांच्या वहीत त्याला १३४३४० हा क्रमांक मिळाला होता. चित्रांत नायट्रोजनच्या बर्फाचे अफाट मैदान होते, पाण्याच्या बर्फाचे डोंगर होते, निळसर धुके होते आणि तांबूस काळे डाग होते. त्यांतल्या एका पर्वतराजीला पुढे तेनझिंगचे नाव दिले गेले. मोहिमेचे प्रमुख ॲलन स्टर्न यांनी प्रागचा निर्णय कधीच मानला नाही. ज्याच्यावर असे जिवंत भूशास्त्र आहे तो ग्रहच, शेजारी कोण फिरते याचा येथे काय संबंध, असे ते म्हणतात. त्यांचा दुसरा मुद्दाही वजनदार आहे : सूर्यापासून जितके दूर जावे तितकी वाट लांब आणि गती मंद, म्हणून तीच वाट मोकळी करायला तिकडे अधिक जड पिंड लागतो. हे खरेच आहे. पण मला त्यात अन्याय दिसत नाही. पिंडाच्या अंतरंगाचा अभ्यास करणाऱ्याला त्याचे पद पुसण्याची गरजच नाही, टायटनवर नद्या आहेत आणि त्याला उपग्रह म्हटल्याने त्यांचा अभ्यास अडत नाही. ६ जून २०२० च्या रात्री प्लूटो एका ताऱ्यावरून सरकला तेव्हा नैनितालजवळच्या देवस्थळच्या दुर्बिणींनी ताऱ्याचा मंदावणारा प्रकाश मोजला. त्यावरून प्लूटोच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब आपल्याकडच्या समुद्रसपाटीवरील दाबाच्या ऐंशी हजारांश भागाहूनही कमी असल्याचे समजले. त्या मोजणीत ग्रह की बटुग्रह या प्रश्नाने एका दशांशाचाही फरक पडला नसता. पत्रिकेच्या संगणकालाही तो पडत नाही. प्लूटोचे अंश आणि कला त्याच्या पदावर अवलंबून नाहीत, ही बाब आत्याला सांगायची राहिली आहे.

प्रागच्या व्याख्येतले खरे उणे वेगळेच आहे, आणि ते दुरुस्त करण्याचा प्रयत्न सुरू झाला आहे. ती व्याख्या फक्त आपल्या सूर्यापुरती आहे. इतर ताऱ्यांभोवती पाच हजारांहून जास्त ग्रह सापडले असून ठरावाच्या शब्दांनुसार त्यांतला एकही ग्रह नाही, कारण ते सूर्याभोवती फिरत नाहीत. शिवाय इतक्या अंतरावरून त्यांचा गोलपणा तपासायला आपल्याकडे काही साधन नाही. २०२४ मध्ये झां-ल्यूक मार्गो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक नवी, संपूर्ण आकड्यांत मांडलेली व्याख्या सुचवली आणि ऑगस्टमध्ये केपटाउनला भरलेल्या संघटनेच्या अधिवेशनात ती चर्चेला आली. तिच्यात सूर्याच्या जागी कोणताही तारा चालतो आणि गोलपणाची अट गाळली आहे. उरते ती फक्त वाटेवरची सत्ता, आणि तिच्यासाठी वस्तुमानाची खालची मर्यादा धरली आहे १०²³ किलोग्रॅम. बुध त्या मर्यादेच्या तिपटीहून वर आहे. प्लूटो तिच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर. म्हणजे वीस वर्षांपूर्वी सर्वांनी बिनतक्रार मान्य केलेली अट बाहेर जाते आहे आणि जिला सगळे हसले ती राहते आहे. या प्रस्तावावर अजून मतदान झालेले नाही. झाले तर या वेळी सभासदांनी ते घरी जाण्याच्या दिवशी ठेवू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.